कॅरिबियन बेटांवर बुरुडाची पोर

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी माझा बाप स्वतःच्या हातानं जेवायचा नाही. दिवसभर बांबू चिरून बोटांत बारीक कुसा शिरलेल्या असायच्या, त्यात कालवणाचं तिखट लागलं की हात नुसता पेटायचा. मग आई घास करून द्यायची आणि आम्ही दोघं बहीण-भाऊ हसायचो, एवढा मोठा माणूस लेकरासारखा खातो म्हणून. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला मला बराच काळ जावा लागला.

आम्ही बुरूड. जालना जिल्ह्यातल्या मंठ्यात आमची गल्ली आहे. सूप, दुरडी, टोपली, कोंबड्या झाकायचं डालगं, धान्याची कणगी, सगळं बांबूचं आणि सगळं आमच्या हातचं. बाजारात आमची जागा एकदम कडेला, जिथं जनावरं बांधतात त्याला लागून. गिऱ्हाईक यायचं, सूप पालथं करून बोटानं ठोकायचं आणि म्हणायचं, "ह्याच्यापरीस प्लास्टिकचं सस्तं भेटतं." बाप म्हणायचा, "मंग तेच घ्या." आई त्याच्याकडं डोळे वटारून बघायची, कारण ते सूप गेलं नाही तर घरात ज्वारी येणार नव्हती. पण त्यानं आपलं बोलणं कधी बदललं नाही. कितीतरी बाजार आम्ही सगळा माल पुन्हा डोक्यावर घेऊन घरी आलो आणि कण्या शिजवून खाऊन झोपलो.

त्या घरातली मी पहिली पदवीधर. जालन्याला कॉलेज केलं, बीएड केलं, आता माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. हे मी कुठंही गेले तरी सांगते. काही लोकांना ती बढाई वाटते. वाटू द्या. ज्यांच्या आज्याला-पणज्याला पदवी होती त्यांनी सांगू नये, आम्ही सांगणार.

आमची लेक पूजा अमेरिकेत फ्लोरिडाला नर्स आहे. तिनं मला आणि तिच्या पप्पांना कॅरिबियन बेटांच्या बोटीच्या सहलीला नेलं. परत आल्यापासून जो तो विचारतो, काय काय बघितलं. समुद्र, वाळू, सूर्यास्त हे सगळं फोटोत दिसतं, ते मी सांगत बसत नाही. मी काय विकत घ्यायला गेले आणि ते कुठं सापडलं, तेवढं लिहिते.

निघायच्या आधी मंठ्याला गेल्ते. बापाच्या मागं दुकान माझा धाकटा भाऊ रमेश चालवतो. दुकानात दर्शनी भागातच चकचकीत टोपल्या रचलेल्या. वेतासारख्या दिसणाऱ्या, पण हात लावला की कळतं, प्लास्टिकचा धागा आणि मशीनचं काम. प्रत्येकीवर सोनेरी चिठ्ठी: 'मंठ्याची अस्सल बुरूड कला'. खाली आमच्या दुकानाचं नाव.

"हे काय रे?"

"जालन्याच्या व्यापाऱ्यानं नमुना ठिवला. रुखवताला लई चालतंय म्हणे. आपलं नाव लावून विकायचं, बास. विणायचं काम बंद."

"बिलकुल न्हाई," मी म्हणाले. "हे कोणच्या मंठ्यात झालं?"

रमेश हातातला कोयता खाली ठेवत म्हणाला, "अक्का, तुझ्याकडं पगार हाय. तुला न्हाई म्हणायला काय जातंय? माझी पाठ गेली विणून विणून. तू जाऊन ये, तवर मी त्याला थांबवून धरतो. मंग मला रागवू नको, रस्ता सांग."

त्याचं ते पगाराचं बोलणं माझ्याबरोबर विमानात बसलं. मी मनाशी एक ठरवलं. या सहलीत जे विकत घेईन ते त्याच बेटावर, तिथल्याच माणसाच्या हातानं झालेलं असेल. नाही सापडलं तर रिकाम्या हातानं परत येईन.

बोटीवर

बोट कसली, आख्खी वसाहत होती. पूजानं सांगितलं की जेवायला रोज एकाच टेबलावर बसायचं. आमच्या टेबलावर पुण्याच्या मीनलताई होत्या, एका बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलायला मोकळ्या आणि जरा जास्तच मोकळ्या. पहिल्याच दिवशी बोटीवर एक व्याख्यान झालं, 'बेटांवरची खरेदी' या विषयावर. व्याख्याता नकाशा वाटून सांगत होता की या या दुकानांत जा, इथं सगळं अस्सल मिळतं.

मी हात वर केला. "अस्सल म्हणजे कुणी केलेलं?"

तो हसला, म्हणाला, फार छान प्रश्न आहे, आणि हिऱ्यांच्या दुकानाकडं वळला.

जेवताना मीनलताई म्हणाल्या, "अहो, तुम्ही खरेदीला आलात की तपासणीला?"

"दोन्हीला," मी म्हणाले.

आमचे हे एसटीच्या जालना वर्कशॉपमध्ये होते. त्यांना बोटीचं इंजिन सोडून कशातच रस नव्हता, आणि ते बघायला मिळालं नाही म्हणून रुसले होते. त्यांनी पिशवीतून धपाटे काढले, वेटरला दाखवले आणि खुणेनं गरम करून मागितले. त्या भल्या माणसानं खरंच गरम करून आणले, वर कोथिंबिरीसारखा कसला तरी पाला पेरून. मीनलताईंनी नाक मुरडलं आणि दोन खाल्ले.

ग्रेनेडा

ग्रेनेडाला बोटीतून उतरलं की थेट एका झगमगीत बाजारपेठेतच पाय पडतो. तिथून बाहेर पडायला रस्ता शोधावा लागतो. टोप्या, फ्रिजला लावायची चुंबकं, खेळण्यातली कासवं, गळ्यातल्या माळा. एका दुकानात मी लाकडी मासा उचलला आणि पोरीला विचारलं, "हा कुणी कोरला?" तिनं मासा उलटा करून पोटावरचं लेबल दाखवलं. त्यावर ग्रेनेडाचं नाव छापलेलं. मी म्हटलं, "हे कुठलं ते लिहिलंय. कुणी केलं ते कुठाय?" पोरीनं खांदे उडवले. तिचा काय दोष? तिला पगार मासा विकायचा मिळतो.

गावातल्या जुन्या बाजारात मात्र जीव रमला. छत्र्या उभ्या करून बाया बसलेल्या, पुढ्यात मसाले. एका म्हातारीपुढं जायफळांचा ढीग होता. आपण जायफळ वाण्याकडून कागदाच्या पुडीत आणतो, पुरणात किसतो, संपलं. तिनं माझ्या हातावर आख्खं ठेवलं. काळपट तपकिरी कवच, त्यावर लालभडक जाळी गुंडाळलेली. ती जाळी म्हणजे जायपत्री. दोन्ही एकाच फळात असतात हे मला या वयात तिकडं कळलं. इतिहासाची बाई आहे मी, मसाल्यांच्या व्यापारावर पोरांना दरवर्षी प्रश्न टाकते!

"तुमच्या झाडाचं?" मी विचारलं.

"माझ्या बहिणीच्या. माझं झाड वादळात पडलं. नवीन लावलंय. ते फळ देईपर्यंत मी राहते की नाही बघू," ती म्हणाली आणि खळखळून हसली.

घेतलं. न विचारता घेतलं असतं तरी चाललं असतं, पण विचारल्यावर त्या जायफळाला बहीण आली, झाड आलं.

शेजारी जेवण मिळत होतं. हिरवं दाट कालवण, नाव सांगितलं कॅलालू. घास घेतला आणि मी पूजाकडं बघितलं. "अगं, ही अळूची पातळ भाजी!" नारळाचं दूध घातलेली, चिंच नाही, गूळ नाही, पण अळूच. आमच्या यांनी त्याच्याबरोबर मिळणारी पिवळ्या मिरचीची चटणी चमचाभर घेतली. वाढणारी बाई म्हणाली, "थोडीच घ्या." हे म्हणाले, "तिला सांग, आमी भोकरदनचे हाव, ठेच्यावर वाढलोय." मी सांगितलं नाही. पुढचा पाऊण तास ते रुमालानं टाळू पुसत समुद्राकडं बघत बसले होते.

सेंट लुसिया

इथं माझं डोकं फिरलं. धक्क्याजवळच्या दुकानात भिंतभर टोपल्या लावलेल्या. बाहेर पाटी, 'सेंट लुसियाच्या कारागिरांनी हातानं विणलेल्या'. मी एक खाली घेतली. टोपली बघायची ती काठाला. पोट कुणीही भरतं, पण काठावर शेवटची टोकं कुठं दडवली, त्यात हात कळतो. या टोपलीचा काठ वितळवलेल्या गोंदानं चिकटवलेला होता आणि आतून बारीक लोखंडी पिना मारलेल्या होत्या. वर सोनेरी चिठ्ठी. आमच्या दुकानातली चिठ्ठी सोनेरी होती, ही पण सोनेरी. इथं कुणाचा तरी रमेश होता, ज्यानं हो म्हटलं होतं.

मीनलताईंनी तसलीच पिशवी खांद्याला लावली होती. "छान आहे ना? सुनेला."

"ही मशीनवर झालीय."

"असेना का. सुनेला कुठं कळणारे?"

"आमच्या बापाच्या तोंडावर लोक असंच बोलायचे," मी म्हणाले, आणि माझा आवाज वाढला. "तुमच्या सुनेला नाही कळणार. पण ज्याच्या हातचं म्हणून तुम्ही हे घेताय, त्याच्या घरात आज काय शिजतंय ते त्याला कळतंय. तो बाजूला बसलाय आणि त्याचं नाव या मशीननं घेतलंय."

दुकानातली माणसं बघायला लागली. मीनलताई लाल झाल्या. "आम्ही सुट्टीवर आलोय हो, बाई."

"मी पण. म्हणून तर वेळ आहे बोलायला."

पूजानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. "मम्मी, प्लीज. तू त्यांचं शॉपिंग खराब केलंस."

"मग बराबर केलं."

गावातल्या मंडईत एक मातीची शेगडी बघितली, बुडाशी राखेला जागा, वर भांडं ठेवायला तीन उंचवटे. थेट आपल्याकडची. माझा जीव त्यात अडकला. हे म्हणाले, "विमानात मांडीवर घेऊन बसणार का?" शेगडी राहिली. त्याऐवजी कोकोच्या कांड्या घेतल्या. झाडाच्या शेंगेतल्या बिया भाजून, कुटून, वळून केलेल्या. पाण्यात किसून उकळायच्या, वरून जायफळ. यांनी एक कांडी गुळाची समजून चावली आणि दिवसभर थुंकत राहिले.

त्या संध्याकाळी रमेशचा निरोप आला. व्यापारी पुन्हा येऊन गेला, आता लगेच सांगा म्हणतो. मी लिहिलं, दोन दिवस थांब. त्यानं उलट लिहिलं, "थांबून काय बदलणार अक्का?"

डॉमिनिका

डॉमिनिकाच्या पूर्वेला डोंगरापलीकडं कालिनागो लोकांची वस्ती आहे. युरोपातली गलबतं येण्याच्या आधीपासूनचे हे इथले रहिवासी. ते एका जातीच्या लव्हाळ्यापासून टोपल्या विणतात, असं पूजानं मोबाईलवर वाचलं होतं. बोटीच्या सहलीत ते गाव नव्हतं. स्वतः जाणार असाल तर वेळेत परत या, बोट कुणासाठी थांबणार नाही, असं स्पीकरवर तीनदा सांगितलं.

नाश्त्याला मीनलताईंनी विचारलं, "आणि बोट सुटली तर?"

"सुटली तर सुटली."

हे पूजाला हळूच म्हणाले, "पासपोर्ट घे गं बरोबर. ही बाई खरंच सोडील."

मार्विन नावाच्या माणसाची गाडी ठरवली. रस्ता असा की एका बाजूला डोंगर अंगावर येतो आणि दुसऱ्या बाजूला खाली झाडांचे शेंडेच दिसतात. आमच्या जालन्याच्या उघड्या माळरानाची सवय असलेल्या डोळ्यांना इतकं हिरवं सोसत नाही. मला तर घुसमटल्यासारखं झालं. मार्विन सारखा घड्याळ बघत होता आणि हे सारखे त्याच्या गियरकडं.

वस्तीत शिरल्यावर रस्त्याच्या कडेनं छपरं लागली. पहिल्या छपरात मोठ्या लोखंडी तव्यावर एक बाई जाड भाकरी भाजत होती. कसावा नावाचा कंद किसून, पिळून केलेली, नारळ घातलेली. मार्विन म्हणाला की याच कंदाचा साबुदाणा होतो. यांचा चेहरा उजळला. "म्हंजे एकादशीला चालतंय!" त्यांनी तिथंच उभ्यानं दोन खाल्ल्या.

मी पुढच्या छपराकडं गेले. तिथं माझ्याच वयाची एक बाई जमिनीवर पाय पसरून बसली होती. आजूबाजूला वाळवलेल्या पट्ट्या, काही पिवळट, काही तपकिरी, काही काळ्याशार. मांडीवर अर्धी टोपली. तिचं नाव आयरीन. ती इंग्रजीत बोलत होती, मी इथं आपल्या भाषेत देते.

मी तिच्या समोर जमिनीवर बसले. पुढं जे झालं ते सवयीनं झालं. आमच्या गल्लीत कुणी येऊन बसलं की समोर पडलेलं काम उचलतं आणि गप्पा मारता मारता चार वेढे घालतं. पाहुणा असला तरी. बुरुडाच्या दारात हात मोकळा ठेवून बसणं बरं दिसत नाही. आयरीनच्या बाजूला एक टोपली काठाशी येऊन थांबलेली होती. मी ती उचलली, पट्टी घेतली आणि काठ बांधायला लागले. किती वर्षांनी! बोटांना सगळं आठवत होतं. मला वाटलं, आता ही बाई खूश होईल.

आयरीननं आपलं काम थांबवलं, माझ्या हातातून टोपली काढून घेतली आणि एक शब्द न बोलता मी घातलेले वेढे एकेक करून उसवून टाकले.

"माझा वेढा कच्चा नाही," मी म्हणाले. "माझं घराणं हेच काम करतं. साता समुद्रापलीकडं का होईना, पण हेच."

"कच्चा नाही," ती म्हणाली. "मी बघितला. चांगला पक्का होता."

"मग उसवला का?"

"ही टोपली कुणी केली म्हणून गिऱ्हाईक विचारतं. मी सांगते, आयरीननं. मग त्यात तू कुठून आलीस?"

बोटीवरच्या व्याख्यानात हात वर करणारी मी, लाकडी माशाचं पोट बघणारी मी, इथं स्वतःच दुसऱ्याच्या मालात हात घालून बसले होते. आणि एकदम मला हसू फुटलं. असलं हसू की आयरीन पण हसायला लागली.

पूजानं हे सगळं मोबाईलवर घेतलं होतं. तिनं तिथूनच मामाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं मंठ्यात दुकान बंद करायची वेळ होती. रमेशचा चेहरा पडद्यावर आला. पूजानं झालेलं सांगितलं, तसा तो खदाखदा हसला.

"अक्का, उसवलं का तिनं? लई बराबर केलं! तू ल्हानपणापासून उलटे वेढे घालतीस. बापानं बी उसवलेच असते."

"तू गप."

"ती काळी पट्टी कशी केली, इचार तिला. रंग दिला का?"

मी विचारलं. आयरीन म्हणाली, रंग नाही, चिखलात पुरून ठेवतो.

"चिखलात? कोणच्या चिखलात? किती दिवस?" रमेश मोबाईलला नाक लावून बघायला लागला. "काळी माती तर आपल्याकडं गावभर हाय की गं!"

पाठ गेली म्हणणारा माझा भाऊ! आयरीननं मोबाईल पूजाच्या हातातून स्वतःकडं घेतला आणि म्हणाली, "तूही विणतोस ना? मग तुझा माल दाखव."

रमेशनं उत्साहानं मोबाईल फिरवला. पण त्याचं दुकान लहान, आणि दर्शनी भागात त्या चकचकीत टोपल्या रचलेल्या. पडदाभर त्याच आल्या. त्यानं पटकन मोबाईल बाजूला घेतला, पण आयरीननं बघितलं होतं.

"त्या पुढच्या कुणी केल्या?"

पूजानं मराठीत सांगितलं. रमेश मान वळवून त्या टोपल्यांकडं बघत बसला.

"मामा, ती विचारतेय कुणी केल्या."

"कळलं मला," तो म्हणाला. "सांग तिला... म्हाईत न्हाई म्हणावं."

पूजानं सांगितलं. आयरीननं मान डोलावली. कुणाला उपदेश करायची ती बाई नव्हती. रमेश उठला, आतल्या खोलीतून अर्धवट सूप घेऊन आला आणि मोबाईल कशाला तरी टेकवून त्याच्या समोर बसला. सुपाचा मागचा कोपरा वळवायचा असतो, तिथं बांबूच्या पातळ कामट्या मोडू न देता दुमडायच्या असतात. ते त्यानं करून दाखवलं. आयरीन पुढं झुकली. "पुन्हा," ती म्हणाली. त्यानं पुन्हा दाखवलं. मग तिनं तिच्याकडचं दाखवलं. तिची टोपली दुहेरी असते, दोन थरांच्या मधे रुंद पानं घालतात, पाऊस आत शिरत नाही. पूजा भाषांतर करून करून थकली. शेवटी दोघं आपापल्या भाषेतच बोलायला लागले आणि काम भागत होतं.

कॉल बंद करायच्या आधी मी आयरीनला ते विचारलं, ज्यासाठी मी डोंगर ओलांडून आले होते. "यावर घर चालतं?"

"नुसतं इथं बसून नाही चालत," ती म्हणाली. "पहिली काही वर्षं माझी बहीण टोपल्या घेऊन धक्क्यावर उभी राहायची. बोटींतून उतरणाऱ्यांना गाठून सांगायची, ही माझ्या बहिणीनं केली, तिकडं डोंगरापलीकडं राहते. लोक तिला हटकायचे, ती हटायची नाही. विणणाऱ्याला विणू द्यावं लागतं. बोलणारं दुसरं कुणी पाहिजे."

रमेशनं पलीकडून विचारलं, "काय म्हणली ती?"

इतकी वर्षं मी रमेशला नुसतं सांगत आले होते, विकू नको, सोडू नको, झुकू नको. स्वतः कधी दुकानाच्या पायरीवर बसले नव्हते. मॅडम झाल्यावर कसं बसायचं? त्या बाईचं बोलणं मला लागलं, आणि लागलं ते बरं झालं.

"ती म्हणली, तू विण," मी सांगितलं. "विकायचं माझ्याकडं दे."

"तू? आन् बाजारात बसणार?"

"बसणार."

"शाळेतले लोक काय म्हणतील?"

"ते मी बघते. तू त्या टोपल्या दुकानातून काढ."

मार्विननं हॉर्न धरला तो सोडेचना. मी आयरीनकडून एक झाकणाची टोपली घेतली, काळ्या-पिवळ्या नक्षीची, पूर्ण झालेली. ती अर्धवट टोपली मला जास्त आवडली होती, पण तिनं साफ नाही म्हटलं. काठ झाल्याशिवाय ती माल देत नाही.

परतीच्या वाटेवर केळ्यांनी भरलेला एक ट्रक आडवा लागला. चाक खड्ड्यात रुतलेलं. मार्विननं डोक्याला हात लावला. हे मात्र खाली उतरले, बाह्या सारल्या, चाकाखाली कुठं दगड द्यायचे ते खुणेनं दाखवलं, ड्रायव्हरला मागं-पुढं करायला लावलं. सगळ्या सहलीत मी त्यांना इतकं आनंदी बघितलं नव्हतं. ट्रक निघाला. ट्रकवाल्यानं केळ्यांची फणी दिली, ती आम्ही गाडीत संपवली, कारण बोटीवर फळं नेऊ देत नाहीत.

धक्क्यावर पोचलो तेव्हा शिडी काढायची तयारी चालली होती. आम्ही पळालो. वरच्या कठड्यावर मीनलताई उभ्या राहून दोन्ही हात हलवत ओरडत होत्या, "आले, आले! थांबवा हो!" त्या मला घ्यायला दारापर्यंत आल्या. टोपली बघितली, काठ बघितला, बोटानं चाचपला.

"ही खरी?"

"ही आयरीननं केलेली," मी म्हणाले.

त्यांनी ती बराच वेळ हातात धरली. मग म्हणाल्या, "मला सांगितलं असतंत तर मी पण आले असते." त्या रात्री त्यांनी वाद घातला नाही. सुनेची पिशवी मात्र त्यांनी ठेवलीच.

मंठा आणि राजूर

घरी आल्यावर शाळा सुरू व्हायला काही दिवस होते. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला मोठी गर्दी असते. मी रमेशच्या परड्या, दुरड्या आणि सुपं टेम्पोत घातली आणि मंदिराच्या वाटेवर पोतं टाकून बसले. प्रत्येक वस्तूला सुतळीनं चिठ्ठी बांधली होती, त्यावर विणणाऱ्याचं नाव. रमेश, त्याची बायको सुमन, गल्लीतले चुलते.

पहिल्याच तासाला शाळेतल्या एका पोराचे वडील आले. "मॅडम, तुम्ही? हितं? खाली?"

"हो. खालीच बसतात बाजारात. सूप घ्या. भावानं विणलंय."

ते गोंधळले. मग घेतलं. थोड्या वेळानं आमच्या शाळेतले एक सर समोर आले, इकडं तिकडं बघत खाली वाकून म्हणाले, "बाई, हे शोभतं का तुम्हाला? पदवीधर माणूस."

"सर, पदवी आहे म्हणूनच बसलेय," मी म्हणाले. "माझ्या आईला बाजारातून कुणीही उठवायचं. मला उठवून दाखवा."

ते गेले. मागून त्यांची बायको आली आणि लेकीच्या रुखवतासाठी पाच परड्यांचं सांगून गेली, कुणाच्या हातच्या पाहिजेत ते नावानिशी. तिला सुमनच्या हातच्याच पाहिजे होत्या.

सगळंच जमलं असं नाही. रमेशनं शेतातल्या चिखलात कामट्या पुरून बघितल्या. रंग आला नाही, घाण वास तेवढा आला आणि सुमननं त्या अंगणातून बाहेर फेकल्या. तो म्हणतो, पुन्हा करून बघतो. काही बाजार अजून कोरडे जातात. शिक्षकांच्या खोलीत माझ्या मागं बोलणं चालतं, ते मला ऐकू येतं. मी रविवारी बसते, चतुर्थीला बसते, लग्नसराईत ऑर्डरी घेत फिरते. रमेश विणतो, आणि पाठ दुखली की थांबतो, कारण आता त्याला विकायलाही पळावं लागत नाही.

व्यापाऱ्याचे नमुने रमेशनं स्वतः जालन्याला नेऊन परत केले. आज मंठ्याच्या आमच्या दुकानात जे काही विकायला आहे ते सगळं आमच्या गल्लीत विणलेलं आहे, त्यावर विणणाऱ्याचं नाव आहे, आणि रमेशचं घर त्याच्यावर चालतं.